एका मडक्याचे जेवण : पोपटी, उंबाडियुं आणि हजीऱ्याची बिऱ्हाडे

पौषातली थंडी पडली आणि सुरतेच्या भाजीबाजारात हिरव्या पापडीचे ढीग दिसू लागले, की हजीऱ्याकडच्या वसाहतींतून आमच्याकडे एक पृच्छा हमखास येते. शब्द निरनिराळे असतात, आशय एकच. गावी शेतावर पोपटी लागते. इथे तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात ती लावावी कशी? यंदाच्या पत्रात एका भगिनीने थोडे अधिक लिहिले आहे. सासरे मूळचे अलिबागकडचे, वय झालेले. यंदा त्यांना गावचा प्रवास झेपणार नाही. यजमानांची कारखान्यातील पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. त्या स्वतः शाळेत शिकवितात. सर्वांना एकत्र बसून खाता येईल, ओट्यापाशी तासभर उभे राहावे लागणार नाही आणि मामंजींना पोपटी खाल्ल्याचे समाधान मिळेल, असे काही सुचवावे, अशी त्यांची इच्छा. मागणी तिहेरी आहे खरी; पण अवास्तव मुळीच नाही.

आमच्या वाचकांत खानदेशी आणि वऱ्हाडी कुटुंबे पुष्कळ. पोपटी म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असेलच असे नाही, म्हणून आधी तेवढे सांगतो. रायगड जिल्ह्यात (१९८१ पूर्वीचा कुलाबा) भातकापणीनंतर त्याच जमिनीच्या ओलीवर वाल पेरतात. शेंगा भरल्या की संध्याकाळी शेताच्या बांधावर मंडळी जमतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालतात. हे रानात आपोआप उगवणारे उग्र वासाचे झुडूप. त्याचा कापरासारखा दर्प हाच पोपटीचा आत्मा, असे तिकडची माणसे शपथेवर सांगतील. पाल्यावर न सोललेल्या वालाच्या शेंगा, खडे मीठ, ओवा. मध्ये अंडी, बटाटे, रताळी, आणि मसाला चोळून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. वर पुन्हा शेंगा, पुन्हा पाला. तोंड पाल्यानेच घट्ट बुजवून मडके उपडे ठेवावयाचे आणि भोवती पेंढा, काटक्या, झावळ्या पेटवावयाच्या. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा टिपूस नाही. अर्ध्यापाऊण तासाने तापल्या मडक्यावर पाणी शिंपडले आणि ते चर्र करून क्षणात उडाले, की झाली पोपटी. वर्तमानपत्रावर ओतावी आणि हाताने सोलून खावी. ताटवाट्यांचा प्रश्नच येत नाही.

आता गंमत अशी की, ज्या गुजरातेत आपण राहतो तिथेही हीच गोष्ट दुसऱ्या नावाने नांदते आहे. वलसाड, डुंगरी, नवसारी या पट्ट्यात हमरस्त्याच्या कडेला हिवाळ्यात मडकी रचलेली दिसतात, ते उंबाडियुं. पापडी, कंद, रताळी, बटाटे यांना हिरव्या लसणीचे आणि मिरचीचे वाटण चोळावयाचे, मडक्यात कलार-कंबोईचा पाला घालून तोंड बंद करावयाचे आणि भोवती जाळ करावयाचा. खाताना हिरवी चटणी आणि ताक. मांस नाही, एवढाच काय तो फरक. सुरतेचे ऊंधियुं त्याचेच शहरी भावंड. नावच मुळी ‘ऊंधुं’ म्हणजे उपडे यावरून पडले. पण शहरात मडके केव्हाच सुलटे झाले आणि पातेल्यात तेलाचा तवंग चढला. उत्तरायणाच्या दिवशी पतंगाबरोबर ते खाल्लेच पाहिजे, याबद्दल वाद नाही. तरीही आमचे मत विचाराल तर मूळ चव उंबाडियुंचीच.

खानदेशी भगिनींनी इथे आपल्याला काय, असे म्हणू नये. जळगावची भरताची वांगी तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात, तीही याच दिवसांत आणि बहुधा शेतातच. त्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हुरडा तर सर्वांचाच. सुरतेत त्यालाच पोंक म्हणतात आणि शेव, लिंबू, साखर यांच्याबरोबर विकतात. जी तापी भुसावळवरून, खानदेशातून वाहत येते तीच हजीऱ्यापाशी समुद्राला मिळते. तिच्या काठाने आणि ताप्ती व्हॅलीच्या रेल्वेने किती मराठी कुटुंबे सुरतेस आली, त्याची गणती कोण करणार? पुढे १९८० नंतरच्या दशकात हजीऱ्यास खताचा आणि वायूचा कारखाना उभा राहिला, तेव्हा मुंबई-कोकणाकडूनही माणसे आली. एका जिन्यावर अलिबागची पोपटी, चोपड्याचे भरीत आणि वलसाडचे उंबाडियुं शेजारी शेजारी नांदू लागले ते असे.

बाजारहाटास निघण्यापूर्वी एक सूचना. नवीन बिऱ्हाडकरूंची फसगत होते ती शब्दांत. गुजरातीत ‘रताळु’ मागितले तर भाजीवाला जांभळ्या गराचे कोनफळ हाती देतो. आपले रताळे हवे असेल तर ‘शक्करियां’ म्हणावे. कोनफळाला सुरती माणूस नुसते ‘कंद’ही म्हणतो. ‘लीलुं लसण’ म्हणजे पातीसकट ओली लसूण. ती याच दिवसांत मिळते, सोडू नये. पापडी घेताना शेंग मोडून पाहावी. दाणा भरलेला पण साल कोवळी, अशी हवी. जून शेंग भाजल्यावर दोरखंडासारखी लागते.

आता मुख्य प्रश्न. वसाहतीत जाळ करता येत नाही. वायूचे आणि रसायनांचे कारखाने जिथे हाकेच्या अंतरावर आहेत तिथे तो करूही नये. मग पोपटीतले काय राखावे आणि काय सोडावे? आम्हांस असे वाटते की जाळ हा पोपटीचा थाट आहे. तिचे मर्म मडक्याच्या आत आहे. शेंगांत आणि कंदांत पाणी भरपूर असते. भांडे बंद असले आणि बाहेरून कोरडी उष्णता लागली, की तेच पाणी वाफ होऊन आत कोंडते आणि सर्व जिन्नस आपल्याच रसात शिजतात. भिंतीला टेकलेल्या शेंगा किंचित करपतात आणि तो खरपूस वास मधल्या मांसात उतरतो. म्हणजे घट्ट झाकण, जाड बूड, पाणी मुळीच नाही आणि मध्येच उघडून पाहण्याचा मोह नाही, या चार गोष्टी सांभाळल्या तर पोपटी भट्टीच्या पेटीतही, म्हणजे ओव्हनमध्ये, लागते.

चार-पाच माणसांसाठी एक किलो कोंबडी मोठे तुकडे करून घ्यावी. आले-लसूण, हळद, लाल तिखट, मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस लावून सकाळीच ठेवून द्यावी. थंडी असली तरी शीतकपाटातच. संध्याकाळी एक किलो पापडी धुऊन, शिरा काढून, शेंगा अख्ख्याच ठेवाव्यात. धुतल्यावर पाणी पुरते निथळू द्यावे, नाहीतर भाजण्याऐवजी उकड होते. बटाटे, शक्करियां, कंद यांच्या लिंबाएवढ्या फोडी कराव्यात. लहान केल्या तर गाळ होतो, मोठ्या केल्या तर मांस शिजूनही त्या टणक राहतात. शेंगांना दोन चमचे ओवा, जाडे मीठ आणि ठेचलेली ओली लसूण चोळावी. जाड बुडाच्या पातेल्यात खाली केळीचे पान, त्यावर निम्म्या शेंगा आणि कंद, मधोमध केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, वर उरलेल्या शेंगा आणि पुन्हा पान. झाकणाच्या कडेला कणकेची वळी चिकटवावी. २०० अंशांवर आधी तापविलेल्या ओव्हनमध्ये सव्वा तास ठेवावे. ओव्हन नसेल तर जाड लोखंडी तव्यावर पातेले ठेवून आच पहिली दहा मिनिटे मोठी, पुढे तासभर मंद. या सव्वा तासात गृहिणीने मुलांचा अभ्यास घ्यावा, नाहीतर पाय पसरून वाचीत बसावे; चुलीपाशी तिचे काही काम नाही. उघडल्यावर मात्र कोंबडीचा जाड तुकडा हाडापाशी चिरून पाहावा. रस गुलाबी दिसला तर पुन्हा पंधरा मिनिटे. अंडी घालावयाची तर अख्खी, धुऊन, शेंगांत खुपसून.

भांबुर्ड्याचे काय? ते मिळत नाही म्हणून हळहळणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू की कुंडीतल्या ओव्याची, म्हणजे पानओव्याची, दहाबारा पाने शेंगांत घालावीत. वास तोच नव्हे, पण त्याच घराण्यातला. वलसाडकडून येणारे कोणी असेल तर उंबाडियुंवाल्याकडून पाला मागवावा. मडक्यांबरोबर तो असतोच. मात्र रस्त्याकडेचे झुडूप भांबुर्ड्यासारखे दिसले म्हणून तोडून आणण्याचा हौशीपणा करू नये. एक तर ओळख चुकण्याची भीती. शिवाय अवजड वाहनांच्या धुराळ्यात आणि नाल्याकाठी वाढलेला पाला, तो खरा असला तरी, अन्नात घालण्याच्या लायकीचा नसतो.

गोवा आणि वसईकडील आमच्या ख्रिस्ती वाचकांचा यापुढचा प्रश्न आम्हांस ठाऊक आहे : हेच डुकराच्या मांसाचे का होऊ नये? अवश्य व्हावे. बहुसंख्य मराठी हिंदू घरांत ते शिजत नाही, आणि ज्या घरांत पूर्वी शिकारीचे रानडुक्कर येत असे तिथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय संपला. पण ज्यांच्याकडे परंपरेने पाळीव डुकराचे मांस चालते त्यांना रविवारच्या जेवणास याहून सोपा बेत नाही. रीत मात्र थोडी निराळी. खांद्याचे, थोडी चरबी असलेले एक किलो मांस घ्यावे, दीड इंची तुकडे करावेत. बारा पाकळ्या लसूण, आले, दोन चमचे मिरी, दालचिनीचा तुकडा आणि हळद तीन मोठे चमचे शिरक्यात वाटून, मीठ घालून रात्रभर मुरवावे. परदेशी कृतींत इथे वाइन सांगतात. गुजरातेत दारूबंदी असल्याने तो मोह आपोआपच टळतो, आणि नवसारीकडचा पारशी पद्धतीचा उसाचा शिरका हाताशी असता वाइनची आठवणही होऊ नये. हे मांस कोंबडीहून चिवट. म्हणून ते आधी एकटेच, झाकून, १६० अंशांवर दीड तास ठेवावे. मग त्याच्या सुटलेल्या चरबीत बटाटे, कंद आणि पापडी घोळवून मांसाच्या खाली पसरावीत, २०० अंशांवर अर्धा तास झाकून आणि शेवटची पंधरा मिनिटे उघडे भाजावे. भाज्यांना वेगळे तेल लागत नाही, आणि खरे सांगावयाचे तर पानात त्याच आधी संपतात.

इथे हयगय चालणार नाही, अशी एक गोष्ट आहे. डुकराच्या मांसातून फीतकृमी माणसाच्या पोटात जातो आणि त्याची अंडी अस्वच्छ हातांवाटे व पाण्यावाटे पसरून मेंदूपर्यंत विकार पोहोचवितात. शाकाहारी माणसालाही ते भोगावे लागते. कच्च्या मांसात साबुदाण्यासारखे पांढुरके दाणे दिसले तर ते मांस घेऊच नये. ओळखीच्या, स्वच्छ, शीतपेटीतून माल देणाऱ्या दुकानातूनच घ्यावे. आतपर्यंत गुलाबी छटा उरू देऊ नये. उष्णतामापक असेल तर तुकड्याच्या गाभ्यात निदान ७१ अंश दिसले पाहिजेत. कोंबडीला ७४. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट भाजीला लावू नये, हे सांगावयास नकोच, तरी सांगतो.

राहता राहिला शेजार. हजीऱ्याच्या इमारतींत भिंतीपलीकडे वैष्णव किंवा जैन कुटुंब असणे ही नित्याची गोष्ट, आणि पोपटीचा वास भिंतीला जुमानीत नाही. कित्येक मराठी घरांत या संकोचापायी हिवाळाभर मांस शिजतच नाही, असेही आम्ही ऐकतो. हा संकोच आम्हांस अनाठायी वाटतो. आपण आपल्या घरी काय खातो ते लपविण्याचे कारण नाही, लादण्याचेही नाही. शेजाऱ्यांना बोलवावयाचे असेल तर दुसरे भांडे लावावे, आणि ते खरोखरच दुसरे असावे : वेगळे पातेले, वेगळा चमचा, आधी शिजविलेले. वैष्णव पाहुण्यांसाठी त्यात कांदा-लसूण नको. जैनांना बटाटा, कंद, शक्करियां, लसूण यांतले काहीच चालत नाही. त्यांच्यासाठी पापडी सोलून, दाणे निवडून, नुसत्या ओव्या-मिठावर वाफवावी आणि सूर्यास्तापूर्वी द्यावी. अशा शेंगांचे वाडगे घेऊन गेलात तर ते रिकामे परत येत नाही. एक-दोन दिवसांनी त्यात उंबाडियुंची हिरवी चटणी भरून येते, आणि ती मामंजींच्या पोपटीशी इतकी छान लागते की पुढच्या खेपेस तुम्ही स्वतःच वाटू लागाल : ओली लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू, मीठ, चिमूटभर साखर.

मांस उरले तर त्याच रात्री शीतकपाटात टाकावे आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवावे. शेंगा उरल्या तर दाणे सोलून घ्यावेत. त्यांची नारळ-कोकम घातलेली आमटी होते, आणि त्या आमटीला आलेला करपट वास फोडणीने कधीच येणार नाही.