टेलिफोनची रोजकीर्द

घरखर्चाची वही रात्रीं निजण्यापूर्वीं लिहावी, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु यंत्रें आपसांत बोलून जो व्यवहार उरकतात, त्याची वही कोणीं लिहावी?

१९८१ सालीं हेज ह्या अमेरिकन कंपनीनें 'स्मार्टमोडेम' विक्रीस काढिला. संगणकानें लेखी आज्ञा देतांच हें यंत्र टेलिफोनचा नंबर आपण होऊन फिरवी. त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत 'कर्मिट' ह्या प्रोग्रॅमचें काम सुरू झालें. दूरच्या संगणकाशीं बोलणें हें त्याचें काम. पुढें त्यास आज्ञांची यादी आगाऊ लिहून देण्याची सोय झाली. तिलाच 'स्क्रिप्ट' म्हणतात.

त्या काळीं अमेरिकेंत परगांवच्या टेलिफोनला मिनिटांवर पैसे पडत. रात्रीं दर उतरत, म्हणून घरचीं माणसें निजलीं असतां संगणकच नंबर लावी. महिनाअखेर बिल आलें कीं, हा आकडा कोणाचा, म्हणून घरांत एकमेकांवर आळ यावयास वेळ लागत नसे. अशा वेळीं स्क्रिप्टनें लिहिलेली नोंद हाच निःपक्षपाती साक्षीदार.

मात्र ती नोंद केव्हां करावी, ह्यांत मर्म आहे. नंबर, वेळ व मिनिटें लिहिण्याची आज्ञा स्क्रिप्टच्या अगदीं शेवटीं घातली, आणि मध्येंच वीज गेली अगर स्क्रिप्ट अडली, तर वही कोरी राहते. पैसे मात्र पडलेले असतात. म्हणून पहिली ओळ नंबर लावण्यापूर्वीं लिहावी, दुसरी मोडेमनें 'कनेक्ट' म्हणतांच, आणि तिसरी बोलणें संपल्यावर. 'नो कॅरिअर' असें नकाराचें उत्तर आलें, तरी तेंही टिपावें. पलीकडे टेलिफोन उचलला गेला, पण दोन मोडेमांचा मेळ बसला नाहीं, तरीही हेंच उत्तर येतें. आणि बिलाचा हिशेब सामान्यतः टेलिफोन उचलल्यापासून चालतो. ह्याच कारणानें 'कनेक्ट'पासून मोजलेलीं मिनिटें बिलांतल्या मिनिटांपेक्षां थोडीं कमी भरतात. तेवढ्यावरून कंपनीस लबाड ठरवूं नये, कीं घरच्या मुलासही.

आमच्या घरच्या वहीसही हाच नियम लावावा, असें आम्हांस वाटतें. फसलेला व्यवहार संकोचानें गाळला, कीं शिल्लक जुळत नाहीं; आणि मग जो उगाच बोलणीं खातो, तो बहुधा निरपराधी असतो. रुपया हातांतून सुटण्यापूर्वींच वही उघडावी, हें बरें.