नकाशा जमिनीवर तपासावा

शाळेत आपण सगळ्यांनी नकाशे भरले. पुस्तकातली रेषा वहीत उतरवायची, नद्या निळ्या करायच्या, शहरांवर ठिपके द्यायचे आणि गुण मिळवायचे. उतरवलेली रेषा खरी आहे का, हे कोणी विचारले नाही. भूगोल शिकवण्याची ही रीत बदलायला हवी. त्यासाठी एका जुन्या छापील नकाशाकडे आणि मग चेन्नईकडे पाहावे.

१५०७ साली लोरेन प्रांतातील सँ-दिए या गावी नकाशाकार मार्टिन वाल्डझेम्युलरने जगाचा नकाशा तयार केला. लाकडी ठशांवरून छापलेले बारा कागद जोडले की तो सुमारे साडेचार फूट उंच आणि आठ फूट रुंद होतो. ‘अमेरिका’ हे नाव जगाच्या नकाशावर आले ते याच नकाशाने. त्याची उरलेली एकमेव प्रत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००३ साली एक कोटी डॉलर मोजून घेतली.

या मौल्यवान नकाशात आपला देश मात्र ओळखू येत नाही. दक्षिणेचा त्रिकोण जवळजवळ नाहीसाच झाला आहे. सिंधूच्या मुखापासून किनारा पूर्वेकडे आडवा धावतो आणि त्याच्यासमोर अवाढव्य श्रीलंका पसरलेली दिसते. मयलापूरसारखे जुने बंदर ज्या चोळमंडळ किनाऱ्यावर वसले, त्याचे वळणच येथे हरवले आहे. वास्को द गामा कालिकतला पोचून तेव्हा नऊ वर्षे झाली होती आणि येथल्या खलाशांना तर हा किनारा पिढ्यानपिढ्या पाठ होता. पण हिंदुस्थानपुरता वाल्डझेम्युलर साडेतेराशे वर्षांपूर्वीच्या टॉलेमी या भूगोलकाराच्या ग्रंथावर विसंबला. थोर ग्रंथात आहे म्हणून त्याने ते उतरवून घेतले.

त्याचा मोठेपणा पुढे दिसला. १५१३ च्या नकाशात त्याने ‘अमेरिका’ हे स्वतःच रूढ केलेले नाव गाळले. १५१६ च्या ‘कार्टा मरिना’ या सागरी नकाशात टॉलेमीला बाजूला ठेवून त्याने पोर्तुगीज दर्यावर्दींच्या माहितीचा आधार घेतला आणि आपले द्वीपकल्प समुद्रात उतरले. ज्यांनी किनारा पाहिला त्यांचे ऐकल्याबरोबर नकाशा सुधारला.

पण पाहणे वेगळे आणि मोजणे वेगळे. ते मोजण्याचे काम तीन शतकांनी मद्रासमधून सुरू झाले. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन या इंग्रज सर्वेक्षकाने सेंट थॉमस माऊंटजवळच्या मैदानात पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या मोजणीचा आधार असलेली रेषा, मोजायला घेतली. पेरुंबक्कमच्या टेकडीकडे जाणारी ही रेषा जेमतेम साडेसात मैलांची. तीवर शंभर फुटी पोलादी साखळी चारशे वेळा मांडली गेली. उन्हाने पोलाद वाढते आणि माप चुकते, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून प्रत्येक वेळी तापमापकाचा आकडा टिपला जाई. सत्तावन्न दिवस लागले.

या रेषेवरून त्रिकोणामागून त्रिकोण मांडत मोजणी पुढे सरकली आणि चिकाटीचे फळ लवकरच हाती आले. मद्रासपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत द्वीपकल्पाची रुंदी तोवर चारशे मैल धरली जात होती, ती तीनशे साठ मैलांच्या आसपास भरली. चाळीस मैल जमीन केवळ कागदावरच होती. १८०८ मध्ये तंजावरला मंदिराच्या गोपुरावर चढवताना लॅम्बटनचा अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, आदळून मोडला, तेव्हा त्याने तो आठवडेच्या आठवडे खपून स्वतःच्या हाताने सुधारला. त्या वेळी तंजावरच्या गादीवर सरफोजी राजे भोसले होते. जगाचा भूगोल मराठी पदांत गुंफून त्यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ रचले. नवे ज्ञान आपल्या भाषेत, गाण्यात आणण्याची अशी हौस आजच्या पाठ्यपुस्तकांनीही दाखवावी.

ही मोजणी कंपनी सरकारने आपले राज्य पक्के करण्यासाठी केली, हे विसरायचे कारण नाही. साखळ्या वाहणाऱ्या आणि निशाणे धरून उन्हात उभे राहणाऱ्या शेकडो देशी माणसांची नावे इतिहासाने जपली नाहीत, हेही सांगितलेच पाहिजे. तरी त्यांच्या श्रमाने सिद्ध झालेली पद्धत कोणा एका राजवटीची मालमत्ता नव्हे. ग्रंथ कितीही थोर असो, तो जमिनीवर पडताळून पाहावा, हा तिचा गाभा. तो प्रत्येक विद्यार्थ्याच्या हक्काचा आहे.

म्हणून भूगोलाच्या शिक्षकांना विनंती आहे. वर्षातून एकदा तरी मुलांना टेप आणि होकायंत्र घेऊन वर्गाबाहेर काढा. शाळेचे मैदान, गावचा रस्ता, जवळचा ओढा त्यांना मोजू द्या आणि त्यांचा नकाशा छापील नकाशाशी ताडून पाहू द्या. फरक निघाला तर तो का निघाला, हे त्यांनाच शोधू द्या. चेन्नईच्या शाळांना सेंट थॉमस माऊंट हाकेच्या अंतरावर आहे. विदर्भातील शाळांनी हिंगणघाटला जावे. मद्रासहून मोजत निघालेला लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी तेथेच वारला आणि त्याची कबर तेथेच आहे.