'मस्ती' ते 'ग्रँड मस्ती' : हसायचे कुणाला?

नोव्हेंबर २०२५ मध्ये 'मस्ती' या हिंदी चित्रपटमालिकेचा चौथा भाग आला आणि आमच्या बैठकीत कार्यक्रमपत्रिकेवर नसलेला विषय निघाला. एका तरुण कार्यकर्तीने विचारले, "ताई, पहिला 'मस्ती' चांगला होता, पुढचे घसरले, असं सगळेच म्हणतात. तुम्हीसुद्धा म्हणता. पण चावटपणा तर दोन्हीकडे तोच आहे. मग पहिल्यात तुम्हाला काय चाललं?" कुणी म्हणाले, असल्या चित्रपटांवर वेळ कशाला घालवायचा? कुणी म्हणाले, बंदीची मागणी करू या. चर्चा तिथेच अर्धवट सुटली, कारण दोघीतिघींना शेवटची बस गाठायची होती.

तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. "पहिला बरा होता" हे वाक्य आपण अनेकजणी न तपासता वापरतो. म्हणून २००४ चा 'मस्ती' आणि २०१३ चा 'ग्रँड मस्ती' मी लागोपाठच्या दोन रात्री, वही-पेन घेऊन पुन्हा पाहिले. (वही घेऊन असला सिनेमा पाहणारी बाई हाच मोठा विनोद आहे, असे घरच्यांचे मत पडले.)

दोन्ही चित्रपट इंद्रकुमार यांनीच दिग्दर्शित केलेले. नायकही तेच तिघे, विवेक ओबेरॉय, रितेश देशमुख आणि आफताब शिवदासानी. पात्रांची नावेही तीच : मीत, अमर, प्रेम. लग्नाआधी मजेत असलेले तीन मित्र लग्नानंतर कंटाळतात आणि 'बाहेर' काहीतरी शोधायला निघतात, हे कथासूत्रही तेच. बदलल्या आहेत त्या फक्त बायका.

पहिल्या चित्रपटाची मी भलामण करणार नाही. तिथल्या तीन बायका म्हणजे पुरुषांच्या कट्ट्यावर नेहमी ऐकू येणाऱ्या तीन तक्रारी. एक सारखी पाळत ठेवणारी, एक देवदेव करणारी, एक नवऱ्याला धाकात ठेवणारी. नवरा बाहेर जातो कारण बायको अशी आहे, हे गृहीत धरूनच गोष्ट सुरू होते. लारा दत्ताने रंगवलेली मोनिका ही एकटी, मोकळी बाई. म्हणजे ती पैसे उकळणारी असणारच! समलिंगी पुरुषांवरचे विनोद तर आज ऐकवत नाहीत. पण एवढे सगळे असूनही उत्तरार्धात गोष्ट उलटते. मोनिका तिघांनाही एकाच वेळी खेळवते, पैसे मागते, मग तिचा खून झाला आहे असे दिसते, पोलीस अधिकारी मागे लागतो आणि तिघांची तारांबळ उडते. शेवटी उलगडते की या बनावामागे त्यांच्या बायकाच होत्या. ज्यांना चित्रपटाने इतका वेळ कटकट्या आणि खुळ्या म्हणून दाखवले, त्या तिघींना सगळे ठाऊक होते. प्रेक्षकही फसतो, कारण तोही तोवर नवऱ्यांच्या बाजूला बसून हसत असतो.

यात स्त्रीमुक्ती वगैरे काही नाही. नवरा ताळ्यावर यावा म्हणूनच ही सगळी खटपट, आणि धडा शिकवून झाल्यावर संसार पुढे चालू. पण निदान डाव बायकांच्या हातात होता. लबाडी केली तर बायकोला जाब द्यावा लागतो, एवढे तरी चित्रपटाने मानले होते. आपण "बरा होता" म्हणतो ते एवढ्या भांडवलावर.

'ग्रँड मस्ती' मी पहिल्यांदा पाहिला तो तो प्रदर्शित झाला तेव्हाच, एका जुन्या एकपडदा थिएटरात, दुपारच्या खेळाला. सोबत संघटनेतली मैत्रीण. बाल्कनीत आम्ही दोघीच बायका. तिकीट फाडणाऱ्याने दोनदा विचारले, "ताई, ह्याच पिक्चरची ना?" बिचाऱ्याच्या आवाजात खरी काळजी होती.

या भागात तिघे मित्र आपल्या जुन्या कॉलेजच्या मेळाव्याला जातात. कॉलेजच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे जोडली की बाईला दिली जाणारी एक शिवी तयार होते. तिथे भेटणाऱ्या तीन स्त्रियांची नावे अशी ठेवली आहेत की ती एका दमात उच्चारली की हिंदीत गलिच्छ वाक्य व्हावे. म्हणजे त्यांना स्वतःचे नावसुद्धा स्वतःसाठी नाही, ते पुरुषांच्या विनोदाच्या सोयीसाठी. पुढे कळते की या तिघीही कॉलेजच्या धिप्पाड, तापट प्रिन्सिपॉलच्याच घरातल्या आहेत. आणि मग पळापळ सुरू होते. मैत्रिणींनो, इथे थोडे थांबावे असे मला वाटते. पहिल्या भागात तिघे घाबरतात ते पोलिसाला, कायद्याला आणि शेवटी बायकांना. दुसऱ्या भागात घाबरतात ते दुसऱ्या पुरुषाला, त्या स्त्रियांच्या 'मालकाला'. त्या स्त्रियांना काय हवे, काय नको, याची भीती कुणालाच नाही. आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो की पुरुषप्रधान व्यवस्थेत बाईवरचा अत्याचार हा तिच्या मालकाच्या इज्जतीवरचा हल्ला मानला जातो. ते शिबिरात फळ्यावर लिहून समजावताना आम्हाला नेहमी त्रास पडतो. या चित्रपटाने ते न मागता सचित्र करून दिले आहे!

आणि घरी ठेवलेल्या बायका? त्यांच्याविषयी मी वहीत सर्वांत जास्त लिहिले. अमरची बायको ममता बाळात गुंतलेली. ही भूमिका आपल्या 'नटरंग'मधल्या सोनाली कुलकर्णीची आहे, आणि त्या गुणी नटीला इथे करायला काही दिलेलेच नाही. प्रेमची बायको तुलसी सासरच्यांचे करण्यात बुडालेली. मीतची बायको उन्नती नोकरी करते, म्हणून तिचे तिच्या बॉसशी काही असावे असा नवऱ्याला संशय. पहिल्या भागातल्या बायकांचे 'दोष' निदान स्वभावाचे होते. इथे दोष काय, तर मूल सांभाळणे, सासू-सासऱ्यांकडे पाहणे आणि कमावणे. बाईने दिवसभर जे राबायचे तेच तिच्याविरुद्धचे गाऱ्हाणे झाले आहे. नवऱ्याचे शरीर उपाशी राहते हा अन्याय, आणि बाई थकते हे कुणाच्या लक्षातही नाही.

आमच्या सल्ला केंद्रात हेच वाक्य आम्ही कितीदा ऐकले आहे. "मॅडम, ती लक्षच देत नाही." विचारले की दिवसभर ती काय करते, तर उत्तर येते, "घरीच तर असते." असे म्हणणारे सगळे हा सिनेमा पाहून आलेले असतात असे मी म्हणत नाही. ते वाक्य सिनेमाहून खूप जुने आहे. सिनेमाने त्याला फक्त तीन तालेवार नट दिले.

त्या वर्षाची आठवण करून द्यायला हवी. दिल्लीतल्या १६ डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला. लग्नाच्या बायकोवरील बलात्काराला कायद्यात असलेली सूट काढून टाका, अशी स्पष्ट शिफारस त्यात होती. संसदेने त्याच वर्षी कायदा बदलला. पाठलाग करणे आणि चोरून पाहणे हे वेगळे गुन्हे ठरले. पण नवऱ्याची सूट तशीच ठेवली. जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम ६३ मध्येही ती सूट आहे. 'ग्रँड मस्ती' थिएटरांत लागला तो १३ सप्टेंबर २०१३ ला, म्हणजे ज्या दिवशी दिल्लीच्या न्यायालयाने त्या खटल्यातल्या चार आरोपींना फाशी सुनावली त्याच दिवशी. (फाशीला आपल्यापैकी अनेकींचा विरोध होता आणि आहे, तो स्वतंत्र विषय.) मुंबईत शक्ती मिलच्या आवारातल्या सामूहिक बलात्काराला तेव्हा महिनाही झाला नव्हता. सकाळी वर्तमानपत्रातल्या बातम्यांनी हळहळलेले लोक दुपारी थिएटरात चोरून पाहण्याच्या विनोदांना टाळ्या देत होते. ते वेगळे लोक नव्हते. बाल्कनीतून मी ते पाहिले. कॉलेजची पोरे होती, बँकेतल्या कारकुनासारखे दिसणारे होते, एक आजोबाही होते. चित्रपटाने शंभर कोटींच्या घरात धंदा केला.

मग बंदी का मागायची नाही? आमच्या बैठकीत हा प्रश्न फार तावातावाने आला, म्हणून नव्या मैत्रिणींसाठी थोडे जुने सांगते. ऐंशीच्या दशकात आपणच अश्लील जाहिरातफलकांना काळे फासत होतो. १९८६ मध्ये स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा आला तेव्हा आपल्याला तो विजय वाटला. पुढे १९९६ मध्ये बंगळूरला मिस वर्ल्ड स्पर्धेविरुद्ध उभे राहिलो तर शेजारी संस्कृतिरक्षक उभे! घोषणा जवळपास सारख्याच, अर्थ मात्र उलटे. डिसेंबर १९९८ मध्ये दीपा मेहतांच्या 'फायर'वर मुंबईत हल्ला झाला, त्यात शिवसेनेच्या महिला आघाडीच्या बायका पुढे होत्या. दोन बायकांचे प्रेम त्यांना अश्लील वाटले. 'अश्लील' हा शब्द सत्तेच्या हाती दिला की तो आधी कुणावर चालतो, हे तेव्हा कळले.

शिवाय कात्रीने काय साधते तेही दिसले आहे. 'ग्रँड मस्ती' दूरचित्रवाणीवर दाखवता यावा म्हणून २०१४ मध्ये तब्बल २१८ ठिकाणी काटछाट झाली, आणि तरी प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले. २१८ जागी कापून काय जाते? शब्द जातात, उरोज जातात. बाळ सांभाळणारी बायको म्हणजे नवऱ्यावरचा अन्याय, ही गोष्ट कुठल्या कात्रीने कापणार? ती तर 'यूए' आहे, 'यू' आहे, दुपारच्या मालिकांत आहे.

आणि चावटपणाचे आपल्याला वावडे नाही, हे एकदा सांगून टाकायला हवे. हळदीला, मंगळागौरीला, जात्यावर बायका काय काय बोलत आल्या ते ज्यांनी ऐकले आहे त्यांना कुणी सोवळेपणा शिकवू नये. लावणीत बाई स्वतःची इच्छा स्वतःच्या तोंडाने सांगते, मग ती पुष्कळदा पुरुषाने लिहिलेली का असेना. गवळणीत कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, ती छेडछाडच, पण मावशी असे काही उलटे फटकारते की तमाशाचा फड तिच्यावर खूश होतो. दादा कोंडक्यांच्या द्वयर्थी संवादांवर आपण पुष्कळ टीका केली आणि ती चुकीची नव्हती. तरी त्यांच्या समोर उभी असलेली उषा चव्हाण गप्प बसणारी नव्हती. 'ग्रँड मस्ती'तल्या सहाही स्त्रियांमध्ये मी अशी एक शोधत होते. पडद्यावर त्या भरपूर दिसतात. पण एखादा विनोद त्यांनी केला आणि पुरुष गार झाला, असा एक प्रसंगही वहीत टिपायला मिळाला नाही. शेवटी बायकांच्या वाट्याला काम उरते ते माफ करण्याचे.

तेव्हा त्या कार्यकर्तीला माझे उत्तर असे होते : पुढचा भाग पहिल्याला पुरा पडत नाही, कारण पहिल्यातला बायकांचा डाव त्याने काढून टाकला आणि राहिलेला चावटपणा वाढवला. २०१६ मध्ये तिसरा भाग आला त्यात तर बाई भूतच झाली. तो प्रदर्शनाआधीच चोरट्या प्रतींतून फुटला आणि आपटला. निर्मात्यांनी दोष चोरीला दिला.

उत्तर तयार झाले म्हणून मी खुशीत होते. मग आमच्या वस्तीतल्या बचत गटात दोन्ही गोष्टी तोंडी सांगितल्या. पोळ्या लाटायची कामे करणारी एक बाई म्हणाली, "पहिल्यातल्या बायका तरी कसल्या शहाण्या हो! एवढा डाव रचायची अक्कल होती, तर असल्या नवऱ्यांना परत घरात कशाला घेतलं?" सगळ्या हसल्या, आणि माझ्या भांडवलातला बराचसा भाग तिथेच बुडाला. तिच्या शेजारची, बहुधा गटातली सर्वांत लहान, कडेवरच्या पोराला थोपटत होती. तिने विचारले, "मॅडम, पण ती ममता. तिचा नवरा कॉलेजात मजा करायला गेला तेव्हा बाळाजवळ कोण होतं? ती झोपली तरी का?"

मला सांगता येईना. वहीत ते टिपलेच नव्हते. आणि तेवढ्यासाठी मी तो चित्रपट आणखी एकदा पाहणार नाही.

तुमच्या गटांत हा विषय निघाला तर बायका काय म्हणाल्या ते, त्यांच्याच शब्दांत, लिहून पाठवा. पुढच्या अंकात दोन पाने राखून ठेवली आहेत.