वरातींतला बेंजो आणि बदकांचें तळें

लग्नसराईंत आमच्या लासलगांवीं कांद्याच्या गाड्यांइतकीच गर्दी वरातींचीहि असते. आणि वरात म्हटली कीं बेंजो आलाच. सिनेमांतल्या गाण्यांबरोबर त्यावर मधूनच एखादें जुनें नाट्यपद ऐकूं येतें, आणि माडीवर बसलेली वडील मंडळी कानांवर हात ठेवतात. अभिजात चालीची ही विटंबना नव्हे काय, असा त्यांचा प्रश्न. तो नवा नाहीं, आणि केवळ आपलाहि नाहीं.

१९६० सालीं इंग्लंडांत 'शॅडोज' या मंडळीचें 'अपाची' हें शब्दांवांचूनचें गिटारवादन अतोनात गाजलें, आणि दोनतीन गिटारी व एक ड्रम जमवून गांवोगांव तरुणांचे ताफे उभे राहिले. ब्रिस्टलचे 'कूगर्स' त्यांपैकींच. चायकोव्हस्कीचें 'स्वान लेक' हें नृत्यनाट्य १८७७ सालीं मॉस्कोंत प्रथम रंगभूमीवर आलें. त्यांतील प्रसिद्ध चाल या पोरांनीं उचलली, तिला गिटारीचा झणकार व ठेक्याची घाई दिली, आणि हंसांचें सरोवर जाऊन नांव ठेवलें काय, तर 'बदकांच्या तळ्यावरची शनिवारची रात्र'! १९६३ सालीं तबकडी निघाली. थोर कृतीची थट्टा झाली म्हणून बी. बी. सी.नें ती वाजविण्यास बंदी केली. तरी खपाच्या यादींत ती ३३व्या क्रमांकापर्यंत पोंचलीच. चायकोव्हस्कीचें कांहीं बिघडलें नाहीं. कूगर्स मात्र लौकरच पांगले.

आतां आपलें पाहूं. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, तेव्हां साकी, दिंडी, लावणी, कानडी पदें, जेथें चाल गोड सांपडली तेथून ती घेतली. कालिदासाच्या कृतीला लावणीचें वळण चालतें, आणि त्याच परंपरेंतल्या पदाला बेंजो चालत नाहीं, हें आम्हांस तरी पटत नाहीं.

बेंजो हा स्वतःच उसना. नांव अमेरिकन बँजोचें, कूळ जपानी. १९१२ सालीं नागोया येथें मोरिता गोरो यांनीं टंकयंत्रासारख्या कळा असलेलें 'ताइशोगोतो' हें तंतुवाद्य काढलें. तेंच आपल्याकडे बुलबुलतरंग झालें, आणि वीज जोडून कर्ण्यांतून वाजूं लागल्यावर बेंजो. डाव्या हातानें कळ दाबावयाची, उजव्यानें तार छेडावयाची. गवई शब्द विसरला तर तान घेऊन निसटतो. येथें शब्दच नाहींत, त्यामुळें चुकलेला सूर लपवावयास जागा नाहीं.

तक्रार करावयाचीच तर आवाजाची करावी. रात्रीं १० नंतर ध्वनिवर्धक नको, हा २००० सालच्या नियमांतला दंडक आहे. तो मोडणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाहीं.

मात्र आपल्या घरचा मुलगा अशा बेंजो पार्टींत जात असेल, तर त्याला रागें भरण्यापूर्वीं आजोबांनीं पेटी काढून मूळ पद त्याला एकदां सावकाश ऐकवावें. एरव्हीं हीं मुलें तें कर्ण्यावरून ऐकून उचलतात, आणि मधल्या हरकती गळतात त्या तेथेंच.