दात्याचा कागद आणि आमचा संकोच

प्रायोजकाकडे लेखी करार मागणे म्हणजे त्याच्या दातृत्वावर संशय घेणे होय, असे मत आमच्या मंडळाच्या गेल्या बैठकीत पुन्हा एकदा मांडले गेले. मांडणारे वडीलधारे आहेत. त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. त्या मताविषयी मात्र मुळीच नाही. आपल्या जुन्या घराण्यांत ते सौजन्य म्हणून मिरवते. वस्तुतः तो आळस आहे, आणि त्याची किंमत आपण मोजीत नाही, दुसरेच मोजतात.

कोण मोजतात, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी लाटंबार्से गावातील वाड्यांवरून अकरावी-बारावीसाठी डिचोलीस जाणाऱ्या मुलांचा प्रवासखर्च व पुस्तके देण्याचे एका व्यावसायिकाने आमच्या वार्षिक समारंभात व्यासपीठावरून जाहीर केले. टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झाले, त्यांच्या नावाचा फलक मंडपावर झळकला. पहिल्या वर्षीचे पैसे आले. दुसऱ्या वर्षी चिटणीस भेटावयास गेले, तेव्हा “मदत करीन म्हणालो होतो, दोन वर्षे म्हणालो होतो का?” असे उत्तर मिळाले. ते गृहस्थ खोटे बोलत होते असेही आम्हांस ठामपणे म्हणता येत नाही. कारण इतिवृत्तात ‘भरघोस मदत’ एवढेच शब्द आहेत, आणि ते इतिवृत्त आम्हीच लिहिलेले आहे. आम्ही वर्गणी काढली, ती उशिरा जमली. तोवर एका मुलीने बारावीचे वर्ष सोडले होते. ती पुन्हा कॉलेजात गेली नाही.

आता संशयाची गोष्ट. आपल्याच तालुक्यात नार्वे येथे सप्तकोटेश्वराच्या देवळाचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६६८ साली सुरू करविले. दारावरील शिलालेखात शके १५९०, मास, तिथी, वार, करविणाऱ्याचे नाव आणि काम कोणते, हे सारे आहे. महाराजांच्या शब्दावर कोणाचा अविश्वास होता काय? त्याही मागे गेलो तर कदंबांचे ताम्रपट सापडतात. दान कोणी दिले, कोणास दिले, जमिनीच्या चतुःसीमा कोणत्या, हे तांब्यावर कोरलेले. दान मोडणारा साठ हजार वर्षे विष्ठेतील किडा होईल, हा शापही त्या काळच्या दानलेखांतून येतो. गोव्यात व कोकणात आढळणाऱ्या गद्धेगाळांवरचे चित्र तर येथे वर्णन करण्याजोगे नाही. दाता मरतो, राज्य बदलते, वारसांस आठवत नाही, हे आपले पूर्वज जाणून होते. कागदाचा संकोच ही आपली परंपरा नव्हे. ती अलीकडची सवय आहे.

कायदाही तोंडी औदार्याच्या बाजूने फारसा उभा राहत नाही. मोबदल्यावाचून दिलेले वचन १८७२ च्या करार कायद्याने सामान्यतः निरर्थक ठरते. हावड्याच्या नगरभवनासाठी एका गृहस्थाने १०० रुपयांच्या वर्गणीवर सही केली. त्या भरवशावर कंत्राट दिले गेले. म्हणून १८८६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने त्यास ती देणे भाग पाडले. उलट मशिदीच्या दुरुस्तीसाठी कबूल केलेले ५०० रुपये अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९१४ मध्ये वसूल करू दिले नाहीत, कारण त्या वचनाच्या भरवशावर काही कामच झालेले नव्हते. फरक सहीचा नाही एवढा भरवशावर केलेल्या कृतीचा आहे. पण ती कृती कोणत्या शब्दाच्या भरवशावर केली, हे लेखाविना सिद्ध कसे करणार?

दुसरा घोटाळा आम्ही शब्दांतच करून ठेवला आहे. पावतीवर सर्वत्र ‘देणगी’. जो काही न मागता देतो तो देणगीदार; जो आपल्या मालाचे नाव मंडपावर मागतो तो जाहिरातीची जागा विकत घेतो. त्यात गैर काही नाही, पण ते दान नव्हे. सरकारने हा भेद केव्हाच केला आहे. कृतज्ञतेपोटी दात्याचे नाव लावले आणि त्यात व्यवसायाची जाहिरात नसली तर जीएसटी लागत नाही, असे ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालील दोन टक्क्यांच्या सामाजिक खर्चातही विक्रीच्या लाभासाठी केलेले प्रायोजन धरता येत नाही. हे ठाऊक असलेले हिशेबनीस समोर बसतात, आणि आम्ही हात जोडून उभे राहतो.

डिचोलीकरांना तर हे अधिक कळावयास हवे होते. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणकाम थांबविले, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे पुन्हा रद्द झाले. धंदा थांबल्यावर आश्वासनाचे काय होते, हे खाणीच्या पैशावर नाट्यस्पर्धा व उत्सव करणाऱ्यांनी दोनदा पाहिले. तरीही ‘व्यवसाय बंद पडल्यास किती महिने आधी कळवावे’ हे वाक्य आम्ही कोणाकडून लिहून घेतले नाही.

यावर कोणी म्हणेल, अलीकडे मोठ्या कंपन्या स्वतःच करार धाडतात. धाडतात खरे! इंग्रजीत, आठ-दहा पानी, त्यांच्याच वकिलाने लिहिलेले. केव्हाही माघार घेण्याचा अधिकार त्यांचा, चित्रफितीचे हक्क त्यांचे, नुकसानभरपाई आमची; आणि आमचे चिटणीस शेवटचे पान उघडून सही करतात. कागद नसण्याहून हा प्रकार आम्हांस अधिक लाजिरवाणा वाटतो. परीक्षक कोण, नाटक कोणते, निबंधाचा विषय काय, हे प्रायोजकाने ठरवावयाचे नाही, एवढी एक ओळ घालण्यासही साहित्यमंडळाला वकील लागावा काय?

येत्या निबंधस्पर्धेच्या प्रायोजकापुढे आम्ही एकपानी मराठी मसुदा ठेवला. रक्कम, हप्त्यांच्या तारखा, फलकावरील मजकूर, विजेत्या मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीवाचून न वापरणे, आणि माघार घ्यावयाची झाल्यास चालू वर्षाचे पैसे पूर्ण देणे. ते रागावले नाहीत. त्यांनी दोन दुरुस्त्या सुचविल्या. एक आम्ही मान्य केली, परीक्षकांविषयीची नाकारली. सही झाली आहे.