कापडाच्या भिंतीआड ज्येष्ठांची रात्र

मे महिन्याच्या अखेरीस अकोले तालुक्यातील झाडे काजव्यांनी लखलखू लागतात आणि भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबूंच्या रांगा उभ्या राहतात. 1926 साली पूर्ण झालेले विल्सन धरण, पलीकडे कळसूबाईचे शिखर, भोवती कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. असा परिसर अहिल्यानगर जिल्ह्यात दुसरा नाही. पूर्वी अशा सहलींना तरुणच जात. आता नातवंडांच्या आग्रहाखातर आजी-आजोबाही निघतात. ते निघावेत, असेच आमचे मत आहे. वय झाले म्हणून माणसाला घराच्या चौकटीत बसवून ठेवणे हे आरोग्याचे लक्षण नव्हे. मात्र तंबूतील मुक्कामात दिवसाची काळजी सगळेच घेतात, रात्रीचा विचार फारसा कोणी करत नाही. हा लेख त्या रात्रीविषयी आहे.

तंबूची भिंत कापडाची असते. वारा आणि दव ती अडवते, जनावराला अडवत नाही. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फिशिंग ब्रिज येथे अस्वलांचा वावर असल्यामुळे मुक्कामाला फक्त कडक भिंतींच्या गाड्यांनाच परवानगी आहे. तंबूंना किंवा कापडी बाजू उघडणाऱ्या गाड्यांना तेथे मज्जाव आहे. अस्वल अन्नाच्या वासाने येते. आपल्याकडचा प्रश्न बिबट्याचा आहे आणि त्याची रीत वेगळी आहे.

अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला बिबट्यांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहणाऱ्या त्या शेतीच्या मुलखात, शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या आहारात मोठा वाटा कुत्र्यांचा होता. म्हणजेच बिबट्या आपल्या शेजारीच राहतो आणि बहुतेक वेळा माणसाला टाळतो. तरीही अलीकडच्या वर्षांत जिल्ह्यात आणि लगतच्या जुन्नर-शिरूर भागात माणसांवर हल्ले झाले, काही जीवही गेले. त्यांत लहान मुले आणि वृद्धही होते. अंधारात एकटे, वाकलेले किंवा खाली बसलेले माणूस बिबट्याला लहान जनावरासारखे भासू शकते. उघड्यावर लघवीला बसलेली आजी नेमकी याच स्थितीत असते.

तंबूतील ज्येष्ठांच्या रात्रीत खरा धोक्याचा क्षण म्हणजे ही लघवीची फेरी. त्यात बिबट्याची शक्यता सर्वांत कमी. ठेच लागून पडण्याची सर्वांत जास्त. या दोहोंच्या मध्ये साप आणि विंचू. चारही धोक्यांचे मूळ एकच असल्याने उपायही बराचसा एकच आहे: रात्री ज्येष्ठांना तंबूबाहेर जावेच लागू नये, आणि जावे लागलेच तर एकट्याने जाऊ नये.

प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, मधुमेह, रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी, अशा कारणांनी अनेकांना रात्री दोन-तीनदा उठावे लागते. प्रवासात संकोचाने काही जण दुपारपासून पाणीच बंद करतात. हा उपाय रोगापेक्षा वाईट. उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झाले की चक्कर येते, मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो आणि वृद्धांमध्ये अचानक गोंधळलेली अवस्थाही निर्माण होऊ शकते. दिवसभर पुरेसे पाणी प्यावे, फक्त झोपण्यापूर्वीचे दोन तास घोट-दोन घोटांवर भागवावे. ज्यांना डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी तेच पाळावे. गोळीची वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मनाने बदलू नये.

सर्वांत उपयोगी वस्तू सर्वांत साधी आहे. पुरुषांसाठी झाकणाचे लघवीचे भांडे आणि स्त्रियांसाठी घडीची कमोडची खुर्ची तंबूच्या आतच, पडद्याआड ठेवावी. यात लाजण्यासारखे काही नाही. सोबत असणाऱ्या लेकी-सुनांनी आणि मुलांनी हा विषय आधीच सहजपणे काढावा. ज्येष्ठ स्वतःहून तो काढणार नाहीत; ते चुपचाप उठतील, चपला चाचपतील आणि अंधारात निघतील.

झोपण्याची जागा जमिनीवर नको. गुडघ्याच्या उंचीची घडीची खाट असेल, तर उठणे सोपे जाते आणि साप-विंचवांपासूनही काहीसा बचाव होतो. उठताना आधी दोन मिनिटे काठावर बसावे, मगच उभे राहावे; रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना झटकन उठल्यास भोवळ येते. चपला उलट्या करून, झटकून घालाव्यात. तंबूच्या चेनला बोटभर रुंद दोरीचा फासा बांधावा, म्हणजे सांधेदुखीच्या बोटांनाही ती ओढता येते. विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीसोबत असाल, तर त्याच चेनला एक घुंगरू बांधा. अनोळखी जागी अशी व्यक्ती रात्री भांबावते आणि घर शोधत बाहेर पडते. तो आवाज आपल्याला जागे करील. अलीकडे गाडीच्या टपावर उघडणारे कापडी तंबूही मिळतात. शिडीची चढउतार असल्यामुळे साठीपुढच्यांनी त्यांच्या वाटेला न जाणे बरे.

काजव्यांच्या दिवसांत एक अडचण येते. प्रखर प्रकाशाने काजवे विचलित होतात, म्हणून विजेरी वापरू नका असे सांगितले जाते आणि ते योग्यही आहे. पण मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना मिणमिणत्या उजेडाविना पाऊल टाकणे धोक्याचे. विजेरीच्या काचेवर लाल कागद लावावा आणि झोत पायांशी, जमिनीवरच ठेवावा. काजव्यांचे काम चालू राहते, आपलेही.

बाहेर जावेच लागले, तर दोघांनी मिळून, मोठ्याने बोलत जावे. उरलेसुरले अन्न तंबूपासून दूर झाकून ठेवावे. त्याच्या वासाने कुत्री येतात आणि कुत्र्यांमागून बिबट्या येऊ शकतो. बिबट्या दिसलाच, तर पळू नये, वाकू नये, पाठ फिरवू नये. ताठ उभे राहून हात वर करावेत, मोठ्याने बोलावे आणि हळूहळू मागे सरावे. वन विभागाची मदतवाहिनी 1926 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून खाटेशी ठेवावेत. दरीखोऱ्यांत मोबाइलला रेंज कुठे मिळते, हे संध्याकाळीच पाहून घ्यावे.

साप चावल्यास कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. अवयव हलू न देता रुग्णाला तत्काळ सरकारी रुग्णालयात न्यावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती डॉक्टरांना आवर्जून सांगावी. लाल विंचवाचा दंश हृदयावर परिणाम करू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाची उपयुक्तता दाखवून दिली आणि मृत्यूंचे प्रमाण खूप घटले. मात्र हे औषध डॉक्टरांनीच द्यायचे असते. थंडीच्या दिवसांत आणखी एक पथ्य: निखाऱ्याची शेगडी तंबूत कधीही नेऊ नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागाच होत नाही. हा धोका बिबट्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

आपल्यासाठी तंबू ही एका रात्रीची हौस असते. याच जिल्ह्यात ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे हंगामाचे काही महिने पाचटाच्या कोपीत काढतात, तीही उसाच्या फडांलगत, जिथे बिबट्याची मादी पिले घालते. त्यांच्यात म्हातारी माणसेही असतात आणि तान्ही मुलेही. त्यांना जागा निवडता येत नाही. आपल्याला येते, म्हणून ती नीट निवडावी. हृदयविकार ताजा असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर तंबूचा हट्ट सोडून पक्क्या भिंतींची, आत स्वच्छतागृह असलेली खोली घ्यावी. भंडारदऱ्याला पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे, शेंडी गावातही सोय होते. काजवे तिथूनही जवळच असतात. संध्याकाळ सर्वांसोबत झाडांखाली घालवावी आणि झोपायला पक्क्या छपराखाली यावे. यात ज्येष्ठांचा आनंद तसूभरही उणावत नाही.

निघण्यापूर्वी घरात एकच प्रश्न मोकळेपणाने विचारावा: "रात्री तुम्हाला उठावे लागले, तर काय करायचे?" त्याचे उत्तर ठरले, की निम्मी तयारी झाली असे समजावे.