सलाइनआधी क्षारपाणी
वारीतला ‘गॅस्ट्रो’ सलाइनशिवाय बरा होत नाही, हा समज चुकीचा आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापुरात मुक्कामी येते ती ऐन पावसाळ्यात, आणि याच दिवसांत दूषित पाण्यातून जुलाब पसरतात. जिवाला खरा धोका असतो तो शरीरातले पाणी नि क्षार घटण्याचा. डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे, चिमटीत धरलेली कातडी सावकाश बसणे, या खुणा ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीचे असंख्य रुग्ण तोंडावाटे क्षारपाणी देऊन वाचवले. ओआरएसची, म्हणजे या क्षारपाण्याची, मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावी. मुलांना जोडीला झिंक द्यावे. ग्लानी आली किंवा पोटात काहीच ठरेना, तर मात्र सलाइनच. शौचातून रक्त पडत असल्यास तपासणी टाळू नये.